सार्वमत, ब्लॉग आणि कलमाचा क्रमांक

२९ मे २००५ रोजी फ्रान्सने सार्वमतात युरोपीय संघाच्या राज्यघटनेच्या मसुद्याला सुमारे ५४.७ टक्के मतांनी नकार दिला. सत्ताधारी उजवे आणि विरोधी समाजवादी, दोन्ही पक्षांची अधिकृत भूमिका 'हो' अशी होती. त्या गदारोळात मार्सेय भागातले कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे शिक्षक एतिएन शुआर यांनी आपल्या साइटवर मसुद्याची चिकित्सा टाकली. ईमेलमधून आणि छापील प्रतींतून ती देशभर पोचली.

निकाल त्यांच्यामुळे फिरला असं मी म्हणणार नाही. बेरोजगारी आणि सरकारवरचा राग होताच. पण वाद मुद्द्यावर, म्हणजे मसुद्याच्या शब्दांवर आणण्यात अशा लेखनाचा वाटा मोठा होता, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

मसुदा ४४८ कलमांचा, त्यातली ३२२ एकट्या तिसऱ्या भागात. मतदारांना तो घरपोच मिळाला होता, पण एवढं वाचणार कोण? म्हणून ब्लॉगरने बोट ठेवून दाखवावं लागतं. उदाहरणार्थ ४७ वं कलम, चौथा परिच्छेद. दहा लाख नागरिक एकत्र आले तर कायदा मागू शकतात, असा प्रचार व्हायचा. मूळ शब्द पाहिले तर नागरिक युरोपीय आयोगाला (संघात कायद्याचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेला) प्रस्ताव मांडण्याचं फक्त 'आवाहन' करू शकत होते, तो मांडण्याचं बंधन आयोगावर नव्हतं. इथे आधी मूळ वाक्य जसंच्या तसं द्यायचं, मग क्रमांक, मग आपला अर्थ. अर्थ आधी आला की वाचक मूळ वाक्यही त्याच चष्म्यातून वाचतो.

घोटाळा होतो तो बहुधा तुलनेत. तिसऱ्या भागातला बराच मजकूर जुन्याच करारांतून उचललेला होता. 'नको' जिंकलं तरी ते करार लागू राहणार होते, आणि राहिले. म्हणून प्रत्येक कलमापुढे 'नवं' की 'आधीपासूनचं' हे लिहायलाच हवं. नाहीतर मतदार जे रद्द होणारच नाही त्याच्याविरुद्ध मत देतो.

दुसरी अडचण फिरत्या प्रतींची. वाचकांनी चुका कळवल्यावर शुआर मजकूर दुरुस्त करत गेले, पण आधीच पुढे गेलेला ईमेल कोण दुरुस्त करणार? त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानावर हवी, नुसती पहिल्या पानावर नको, कारण लोक मधलंच पान काढून पाठवतात. चुकलेलं वाक्य पुसू नये, खोडून ठेवावं आणि शेजारी बरोबर वाक्य द्यावं. मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत नवा आरोप तर टाकूच नये, समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही.

पुढे डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय संघाच्या नव्या, लिस्बन करारावर सह्या झाल्या. नाकारलेल्या मसुद्यातलं बरंच काही त्यात परत आलं, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये फ्रान्सच्या संसदेने सार्वमत न घेताच त्याला मंजुरी दिली. कलमं शेजारी शेजारी ठेवून ताडण्याचं काम तेव्हा पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.