आज मला क्लब आहे

क्लब म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही पत्त्यांचं टेबल येतं. फिरणारा पंखा, निवृत्त माणसं, रमीचा रंगलेला डाव. "त्यांचं काय, ते रोज क्लबात पडलेले असतात," हे वाक्य आमच्या लहानपणी मोठी माणसं ज्या सुरात म्हणायची, त्या सुराचा एक बारीकसा डाग या शब्दावर पडला तो पडलाच. त्यामुळे सात वर्षांची लेक सकाळी बुटाचे बंद आवळता आवळता "आई, आज मला क्लब आहे, उशिरा ये," असं म्हणाली, तेव्हा मी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. आवाजात तोच रुबाब होता. फक्त पान आणि चष्मा तेवढा कमी.

इंटरनॅशनल शाळेच्या प्राथमिक वर्गांत क्लब हे मोठं प्रकरण असतं. सत्र सुरू झालं की यादी येते: फुटबॉल, पोहणं, बास्केटबॉल, बुद्धिबळ, रोबो, विणकाम, रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य), नाटक, बागकाम. ठरलेल्या संध्याकाळी सात वाजता फॉर्म उघडतो आणि सात वाजून चार मिनिटांनी फुटबॉलच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात. एरवी शाळेचं पत्र आठवडाभर न उघडणारे पालक पावणेसातपासून फोन हातात घेऊन बसतात. मी तर एकदा पाहुणे समोर बसवून "एक मिनिट हं" म्हणून आत गेले, ते अर्ध्या तासाने बाहेर आले. तोवर पेज अडकून राहिलं होतं आणि पाहुणे निघण्याच्या बेतात होते.

या धावपळीच्या मुळाशी एक शब्द आहे: सर्वांगीण विकास. हा शब्द ज्याने पहिल्यांदा माहितीपत्रकात घातला, त्याने पालकांच्या किती रात्रींची झोप उडवली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही अशा अनेक शाळांचा अभ्यासक्रम ठरवणारी संस्था. तिचा प्राथमिक शाळांसाठीचा अभ्यासक्रम १९९७ साली सुरू झाला. आयबीने विद्यार्थ्याच्या अंगी असावेत असे दहा गुण सांगितले आहेत आणि त्यांतला एक आहे 'संतुलित'. आम्ही पालक त्याचा अर्थ आमच्या परीने लावतो. शरीराला एक क्लब, मेंदूला एक, कलेला एक, असं ताट वाढल्यासारखं. त्याच दहांत 'धोका पत्करणारा' हाही एक गुण आहे, पण तो वाचून भिंतीवर चढण्याच्या क्लबात मूल घातलंय असा पालक मला अजून भेटायचाय.

मीही मेंदूच्या खात्यात बुद्धिबळ टाकलं. एकाग्रता वाढते म्हणतात. लेकीला विचारलं तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले: "तिथे कोण कोण आहे?" आणि "तिथे खाली बसायचं की खुर्चीवर?" एकाग्रतेबद्दल तिला काहीच म्हणायचं नव्हतं. तिला खरं तर फुटबॉल हवा होता. तेही खेळासाठी नव्हे, तर तिथे अंगात घालायला पिवळी जाळीदार बनियनं मिळतात म्हणून. आमचा सौदा झाला. मंगळवारी माझं बुद्धिबळ, गुरुवारी तिची बनियनं.

बाकीच्या क्लबांबद्दल थोडक्यात सांगते. चिकणमातीची बाहुली जरा जरा हलवून फोटो काढत सिनेमा करायचा एक क्लब असतो. एका सेकंदाला निदान बारा फोटो लागतात, म्हणजे सगळं सत्र घाम गाळून हाती येतो तो अर्ध्या मिनिटाचा चित्रपट, आणि त्यातही मधेच कुणाचं तरी बोट. रेकॉर्डरच्या क्लबाबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांच्या घरी तो वाजतो त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी वाजत नाही त्यांना सांगून पटणार नाही.

बास्केटबॉलचं मात्र मला कौतुक वाटतं. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडल्या गेलेल्या, कंटाळून हैराण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी हा खेळ काढला. पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली, आणि आजही मोठ्यांच्या खेळात ती तिथेच आहे. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. म्हणजे मुलं जागेवर राहीनात, तेव्हा हाताशी जे होतं त्यातून भागवलं. पुढे लहान मुलांसाठी कडं २.६० मीटरवर आणलं, चेंडूही लहान केला. कुणीतरी शांतपणे विचार केला की आठ वर्षांच्या पोराचा हात कुठवर पोचतो. क्लबचा फॉर्म भरताना आमच्यापैकी किती जण हा विचार करतात, हे विचारायची सोय नाही.

पहिल्या गुरुवारी मी मुद्दाम लवकर गेले आणि मैदानाच्या कडेला उभी राहिले. चेंडू तीन नंबरचा, छोटा. मैदानात बारा-चौदा मुलं आणि भाषा मोजल्या तर सात-आठ. पहिला चेंडू कुणाचा हे ठरत नव्हतं, म्हणून दोघे समोरासमोर आले आणि मुठी हलवल्या. एक जपानी मुलगी "जान-केन-पोन" म्हणत होती. दगड, कात्री, कागद. समोर इंडोनेशियातून आलेला मुलगा. त्याने करंगळी पुढे केली. तिने कात्री दाखवलेली. दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत थांबली. त्याच्या खेळात अंगठा म्हणजे हत्ती, तर्जनी म्हणजे माणूस आणि करंगळी म्हणजे मुंगी. हत्ती माणसाला हरवतो, माणूस मुंगीला आणि मुंगी हत्तीला, कारण ती त्याच्या कानात शिरते. आता मुंगी विरुद्ध कात्री यात जिंकलं कोण?

शिक्षक शिट्टी तोंडात धरून गंमत बघत होते. मध्ये पडले नाहीत, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. मुलांनी आपापसात काहीतरी हातवारे केले. जपानी मुलीने दोन बोटांची कात्री करंगळीच्या आजूबाजूला दोनदा चालवली, मुंगी खाली वाकून निसटली, सगळे खिदळले आणि चेंडू मुंगीला मिळाला. कात्रीने मुंगी कापली जात नाही, असा बहुधा निकाल लागला असावा. पुढच्या गुरुवारी पाहिलं तर सगळीच मुलं पाच हातांचा खेळ खेळत होती: दगड, कात्री, कागद, हत्ती, मुंगी. माणूस तेवढा वगळला होता. कोण कुणाला हरवतं ते मला दोनदा समजावून सांगितलं, दोन्ही वेळा वेगळं.

इकडे फाटकापाशी आम्ही पालक मात्र आपापल्या भाषेचे घोळके करून उभे होतो. मी आमच्या घोळक्यात.

वर्गात या मुलांची गोष्ट निराळी असते. नव्याने आलेल्या मुलाला शाळेची भाषा येत नसली की पहिले दोन-तीन महिने ते बाकावर जवळजवळ मुकं असतं. घरी अखंड बडबडणारं पोर तिथे पाणी हवं असलं तरी खुणेने मागतं. आमच्या लेकीने पहिलं सत्र असंच काढलं. "आज काय झालं?" या प्रश्नाला रोज एकच उत्तर, "काही नाही." पहिल्यांदा तिने स्वतःहून सांगितलेली बातमी मंगळवारची होती. "आई, तिथे एक मुलगा आहे, तो उंटाला हत्ती म्हणतो. आणि हत्तीला होडी!"

मला वाटलं, पोराचा काहीतरी गोंधळ झालाय. पण तो मुलगा रशियन बोलणारा होता आणि त्याचं बरोबर होतं. रशियनमध्ये बुद्धिबळातल्या आपल्या उंटाला 'स्लोन' म्हणजे हत्ती म्हणतात आणि आपल्या हत्तीला 'लाद्या', म्हणजे होडी. मग मी जरा शोधत गेले तर मजाच मजा. तिरका चालणारा तोच मोहरा फ्रेंचमध्ये 'फू', म्हणजे वेडा, विदूषक. जर्मनमध्ये 'लॉयफर', म्हणजे धावणारा. इंग्रजीत तो चक्क बिशप, धर्मगुरू. स्पॅनिशमध्ये 'अल्फिल', आणि तो शब्द आला अरबी 'अल-फील'वरून, म्हणजे पुन्हा हत्तीच. मुळात भारतातल्या चतुरंगात पायदळ, घोडदळ, रथ आणि हत्ती होते. ते इराणातून, अरबांकडून युरोपात जाता जाता प्रत्येक गावी कुणी वेश बदलला, कुणी नाव. आपण हत्तीला कोपऱ्यात रथाच्या जागी नेऊन बसवलं आणि त्याच्या रिकाम्या जागेवर उंट आणला. म्हणजे खरं बघायला गेलं तर जुन्या जागेवर हत्ती ठेवला तो रशियनांनी. हे ऐकून लेकीने मला विचारलं, "मग आपण चुकीचं म्हणतो?" मी म्हटलं, तसं नाही गं. पण तसं म्हणजे कसं, हे मलाही नीट सांगता आलं नाही.

त्या खोलीत मी एकदा डोकावले. शेवटच्या टेबलावर आमची लेक आणि तो मुलगा. दोघांकडे मिळून शाळेच्या भाषेतले वीसेक शब्द असतील. बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्या खेळीसाठी वीस पर्याय असतात, म्हणजे शब्द आणि खेळ्या समसमान. तो मोहरा उचलायच्या आधी त्याचं नाव आपल्या भाषेत पुटपुटायचा, ती आपल्या भाषेत. घोड्याची पाळी आली की दोघांचं एकमत व्हायचं, कारण रशियनमध्येही घोडा घोडाच आहे. त्याने हात लावलेलं प्यादं परत ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा आमच्या मुक्या मुलीने टेबलावर बोट आपटलं आणि एवढ्या ठणठणीत आवाजात "नो!" म्हटलं की शेजारच्या दोन टेबलांचे डाव थांबले. तो ओशाळून हसला आणि प्यादं पुढे सरकवलं. वर्गशिक्षिका महिन्यापूर्वीच मला म्हणाल्या होत्या, "ती फार शांत आहे हो." त्यांना हाताला धरून इथे आणावंसं वाटलं.

पुढे वाचताना एक योगायोग सापडला. अशा शाळांची सुरुवात म्हणून जिनिव्हाच्या इंटरनॅशनल स्कूलचं नाव घेतात. ते १९२४ साली उघडलं, राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कामासाठी देशोदेशींहून आलेल्या माणसांच्या मुलांसाठी. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जागतिक बुद्धिबळ संघटना, फिडे, स्थापन झाली. तिचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, 'गेन्स उना सुमुस', आपण सारे एकच कुळ. वाक्य सुंदर आहे. दोनच टेबलांपलीकडे त्या कुळातले दोघे एकमेकांच्या डोक्यावर प्यादी मारत होते, ते सोडा.

जिनिव्हाच्या त्या पहिल्या मुलांसारखंच इथेही आहे: आईबापांची नोकरी मुलांना घेऊन येते आणि तीच घेऊन जाते. त्याचा सगळ्यात मोठा फटका संघांना बसतो. दुसऱ्या शाळेशी सामना ठरला आणि आठवडाभर आधी आमच्या गोलकीपरच्या वडिलांची बदली झाली. जाताना त्याने हातमोजे मागे ठेवले. ते घातलेली नवी गोलकीपर म्हणजे ती मुंगी-कात्रीवाली जपानी मुलगी. मोजे इतके मोठे की चेंडू अडवल्यावर एक मोजा चेंडूबरोबर गेला. आम्ही सात गोल खाल्ले. सातवा ऑफसाइड होता असं काही पालकांचं म्हणणं पडलं. एवढ्या लहान मुलांच्या सामन्यात ऑफसाइड नव्हताच, पण सात गोलांनंतर माणूस कशाचाही आधार घेतो. मुलांना विचारलं तर ती मोज्याचीच गोष्ट सांगत होती, आणि अजून सांगतात.

बुद्धिबळातला मुलगा दुसऱ्या सत्राच्या मध्यावर गेला. निरोप वगैरे काही झाला नाही. शेवटच्या मंगळवारी त्यांचा डाव अर्धा राहिला, कारण सव्वाचारची घंटा झाली. लेकीने घरी येऊन कागदावर चौसष्ट घरं आखली आणि आठवेल तशी मोहऱ्यांची चित्रं काढून ठेवली. त्यात तिरक्या चालणाऱ्याला सोंड होती. कागद फ्रिजवर लावला. पुढच्या मंगळवारी तिच्यासमोर दुसरं कुणीतरी बसलं, आणि ती "काही नाही" म्हणाली.

हल्ली रात्री जेवणं आटोपली की ती पट काढते. मी बऱ्यापैकी खेळते असं मला वाटायचं. परवा डाव रंगात आला होता. तिने हनुवटी हातावर टेकवली आणि जरा दयेने म्हणाली, "आई, हत्तीकडे बघ हं." मी कोपऱ्यातल्या हत्तीकडे बघितलं. त्याच्यावर कुणाचाच डोळा नव्हता. निर्धास्त होऊन मी प्यादं सरकवलं आणि तिने माझा उंट उचलला.

"सांगितलं होतं ना, हत्तीकडे बघ म्हणून."