तुम्ही विचारलंत म्हणून: त्वचा लॅबमध्ये वाढते, मग दान कशाला?

स्किन बँकेचं काम करते म्हटलं की हल्ली लोक हमखास विचारतात, आता त्वचा लॅबमध्ये वाढवतात ना, मग गेलेल्या माणसाची कशाला मागता? प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते.

वाढवतात, अगदी खरं. १९७५ साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी डिशमध्ये वाढवायची पद्धत दिली, खाली उंदराच्या पेशींचा थर असतो, रेडिएशन देऊन त्यांची वाढ थांबवलेली, त्या नुसत्या आधाराला. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यापासून मोठमोठ्या शीट होतात. जर्मनीतल्या एका ७ वर्षांच्या मुलाची जवळपास ८० टक्के वरची त्वचा अशीच बदलली, तीही जनुकीय दोष दुरुस्त करून, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मला याचं फार अप्रूप आहे.

पण शीट तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात आणि अर्ध्याहून जास्त भाजलेला पेशंट तेवढे दिवस उघडा ठेवताच येत नाही, अंगातलं पाणी जातं, प्रोटीन जातं, इन्फेक्शन शिरतं, म्हणून तोवर झाकायला दानाची त्वचा लागते. शिवाय शीट म्हणजे फक्त वरचा थर, दोन ते आठ पेशींचा, इतका नाजूक की गॉजचा आधार दिल्याशिवाय उचलता येत नाही, आणि खाली डर्मिस, म्हणजे त्वचेचा आतला जाड थर, नसेल तर नीट धरत नाही, फोड येतात, निघून जाते.

मग पेशींची बँक? तीही आहे. सुंता झालेल्या बाळांच्या त्वचेतल्या पेशी वाढवून, तपासून, कुप्यांमध्ये भरून गोठवून ठेवतात, मूळ साठ्याची मास्टर बँक वेगळी आणि रोजच्या वापराची वेगळी. त्यापासून केलेल्या अ‍ॅप्लिग्राफ नावाच्या लॅबमधल्या त्वचेला अमेरिकेत १९९८ मध्ये पायाच्या न भरणाऱ्या व्रणांसाठी मंजुरी मिळाली. पण त्या परक्या पेशी कायमच्या राहत नाहीत, जखम भरायला चालना देतात आणि जातात.

आणि मुख्य गोष्ट कोणी सांगतच नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या क्युओनो यांनी भाजलेल्या पेशंटला आधी दानाची त्वचा लावली, नंतर तिचा वरचा थर काढला, खालचा डर्मिस तसाच ठेवला आणि त्यावर पेशंटच्याच पेशींची लॅबमधली शीट बसवली! म्हणजे लॅबच्या त्वचेलाच दानाच्या त्वचेची जमीन लागली.

आपल्याकडे सायन हॉस्पिटलमध्ये २००० पासून स्किन बँक आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. गेलेल्या माणसाच्या मांड्या, पाय, पाठ इथून पातळ पापुद्रा घेतात, रक्त वाहत नाही, बँडेज बांधून देतात. रक्तगट जुळवावा लागत नाही, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या मात्र होतातच. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलं की त्वचा पांढुरकी, कडकसर होते, लावण्याआधी सलाइनमध्ये धुवावी लागते, फ्रिजमध्ये पाच वर्षं टिकते.

घ्यायला मात्र मृत्यूनंतर ६ तासच असतात, त्यामुळे नातेवाईक जमायची वाट न बघता आधी बँकेला फोन करा, टीम घरीही येते.