महाडचे शिवरामपंत आणि चवदार तळे

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म १८६४ साली आमच्या महाडचा, आणि त्याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. १८९८ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘काळ’ साप्ताहिकात राजद्रोहाच्या कलमाला हुलकावणी देण्यासाठी त्यांनी वक्रोक्तीचे हत्यार असे परजले की, वरवर साम्राज्याचे गोडवे गाणारा परिच्छेद संपेपर्यंत वाचकाच्या मनात त्याच साम्राज्याविषयी चीड उसळावी. १९०८ साली त्यांना तुरुंगवास झाला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

परांजपे-टिळकांसारख्या जहालांनी मवाळांच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर केलेली टीका मला आजही रास्त वाटते. परंतु त्या टीकेच्या ओघात व्यक्तीचे हक्क, स्त्रीशिक्षण आणि कायद्याने करावयाची समाजसुधारणा यांनाही परकी उसनवारी ठरवण्यात आले, हे मला मान्य नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठीची दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली, तेव्हा परक्या सरकारने आपल्या धर्मव्यवहारात हात घालू नये, असा टिळकांचा आक्षेप होता. तत्त्व म्हणून तो समजू शकतो. पण त्या वयाच्या मुलीने लोकमत तयार होईपर्यंत वाट पाहावी, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय १९०८ च्या खटल्यात टिळकांनी ज्या मुद्रणस्वातंत्र्याचा आधार घेतला, ते उदारमतवादाचेच देणे होते.

गुहागरजवळच्या कोतळूकचे मवाळ नेते गोपाळ कृष्ण गोखले यांना जहालांच्या लिखाणाने दुबळे ठरवले. त्यांच्या सनदशीर मार्गाचे मोल मला महाडातच कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि महाड नगरपालिकेने तो पुढे स्वीकारला. कागदावरच्या या ठरावाने कोणाच्या ओंजळीत पाणी आले नाही, हे खरे. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावे लागले. मात्र त्या माणसांच्या पाठीशी कायद्याने मान्य केलेला हक्क होता आणि तो हक्क नाकारणारे परके नव्हते, आमच्याच गावचे होते. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने या तळ्याच्या खटल्यात निकालही सत्याग्रहींच्या बाजूने दिला. शिवरामपंतांची लेखणी मला प्रिय आहे, पण माझ्या गावाच्या इतिहासात मी पहिला मान या निकालाला देतो.