सिंधुदुर्गातील तालुक्यांचे पर्यटन-आकर्षण नकाशावर मोजताना : माझा अनुभव

भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील लघुप्रबंधासाठी मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आठ तालुक्यांचे पर्यटन-आकर्षण क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मुक्त संगणक-प्रणालीच्या साहाय्याने मोजायचे ठरवले. जिल्हा निवडण्यामागे माझे आजोळ तिथले असणे हे एक कारण होतेच. पण त्याहून मोठे कारण असे की १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेला हा प्रदेश आजही बहुतेकांच्या मनात मालवण, तारकर्ली आणि फार तर आंबोली एवढाच उभा राहतो. उरलेल्या सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरमध्ये काय आहे आणि ते कोणाला किती खुणावते, हे ऐकीव मतावर न सोडता आकड्यांत मांडता येते का, हे मला पाहायचे होते. या वाटेने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ती प्रक्रिया येथे मांडते आहे.

माहिती गोळा करणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले, कारण आज बरीच मूळ सामग्री विनामूल्य मिळते. भूपृष्ठाच्या उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम मोहिमेची ३० मीटरची प्रतिमा घेतली, जमिनीवरील आच्छादनासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रे घेतली आणि रस्ते, मंदिरे, किल्ले व पर्यटकांची निवासस्थाने यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मुक्त नकाशाची माहिती उतरवून घेतली. यांतील उंचीच्या आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या फायली अक्षांश-रेखांशांत येतात; अंशांमध्ये काढलेल्या अंतराला किनाऱ्यापासून किती मीटर दूर, या प्रश्नासाठी काही अर्थ नसतो. म्हणून पहिल्याच टप्प्यावर सर्व थर, म्हणजे एकेका विषयाचे नकाशे, यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणून ठेवले. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे प्रत्येक अंतर आणि प्रत्येक क्षेत्रफळ त्यावर उभे असते.

यानंतर हद्दीचा प्रश्न आला. तालुक्यांच्या सीमांची जी फाईल माझ्या हाती होती, तिच्यात जमीन किनाऱ्याशी संपत होती. त्या सीमेने सगळे थर कापले की मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, म्हणजे जिल्ह्याला ज्याने नाव दिले ते ठिकाणच, समुद्राबरोबर गाळले जात होते. पडद्यावर तो ठिपका कापलेल्या सीमेबाहेर एकटा राहिलेला दिसला, तेव्हा किनारी जिल्ह्यात हद्द ही केवळ प्रशासनाची रेघ मानून चालत नाही, हे लक्षात आले. तिन्ही किनारी तालुक्यांच्या, म्हणजे देवगड, मालवण आणि वेंगुर्ला यांच्या, हद्दी मी समुद्रात दोन किलोमीटर वाढवून घेतल्या आणि मगच पुढे गेले.

आकर्षण मोजायचे म्हणजे आधी ते कशाकशाने बनते हे ठरवावे लागते. पुष्कळ अभ्यासांत किनारा, वारसा, जंगल, उतार, रस्ते, रेल्वे, हॉटेले असे सगळे एकाच सूत्रात घातले जाते. मला ते पटले नाही. ठिकाण सुंदर असणे आणि तिथे पोहोचणे सोपे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची बेरीज केली की महामार्गाकाठचे सामान्य ठिकाण डोंगरातल्या उत्तम ठिकाणाच्या बरोबरीला येऊन बसते. म्हणून मी दोन स्वतंत्र निर्देशांक केले. पहिल्यात केवळ आकर्षण : किनारा, वारसा आणि निसर्ग. दुसऱ्यात केवळ पोहोच : राष्ट्रीय महामार्ग ६६, कोकण रेल्वेची स्थानके आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ. उताराचा थर तर दोन्हीकडे उलट चिन्हाने आला. आंबोली किंवा करूळ घाटातला तीव्र चढ डोळ्यांना सुखावतो म्हणून पहिल्यात त्याला गुण मिळाले आणि तोच चढ वाहनाला जड जातो म्हणून दुसऱ्यात गुण गेले. निवासस्थाने मी मुद्दाम दोन्हींतून बाहेर ठेवली, कारण तयार नकाशा तपासून पाहायला काहीतरी स्वतंत्र हाताशी असणे आवश्यक होते.

अंतराच्या बाबतीत कोकणाची भूमी सरळ रेषेला दाद देत नाही. क्यूजीआयएसमधील जवळीक काढण्याचे साधन प्रत्येक बिंदूपासून हवाई अंतर मोजते, आणि त्या हिशेबाने देवबाग आणि भोगवे हे अगदी शेजारी ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये कर्ली नदीचे मुख आहे. देवबागच्या टोकावर उभे राहिले की पलीकडचा भोगव्याचा किनारा स्पष्ट दिसतो, होडीने तो काही मिनिटांवर आहे, आणि गाडीने जायचे तर खाडीला लांबलचक वळसा घालावा लागतो. जिथे तिथे खाड्या आत शिरलेल्या या पट्ट्यात पोहोच मोजायची तर रस्त्यांच्या जाळ्यावरूनच मोजली पाहिजे. त्यासाठी रस्त्यांचा थर दुरुस्त करणे, तुटलेल्या रेघा जोडणे आणि घाटरस्त्यांना कमी वेग देणे या कामात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. तो योग्य कारणी लागला असे मी मानते.

ओपनस्ट्रीटमॅपबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. मालवण परिसरात ठिपक्यांची दाटी होती आणि दोडामार्ग तालुका जवळजवळ कोरा होता. लोक जिथे फिरायला जातात तिथलीच माहिती ते नकाशात भरतात, त्यामुळे ठिपक्यांच्या घनतेवरून आकर्षण काढले तर जे आधीच प्रसिद्ध आहे त्यालाच पुन्हा गुण दिल्यासारखे होते. म्हणून वारशाचा थर मी घनतेवर उभारला नाही. पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके, जुने स्थलदर्शक नकाशे आणि गॅझेटियर यांतून ठिकाणे एकेक करून घेतली. त्यामुळे मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे, सिंचनाच्या वारशासाठी गौरवलेला धामापूरचा तलाव आणि कुडाळजवळचे पिंगुळी ही ठिकाणे नकाशावर नीट आली. पिंगुळीने मात्र मला बराच विचार करायला लावला. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा ही माणसांत जिवंत आहे, तिला क्षेत्रफळ नाही. नकाशा तिला एक ठिपका देतो. मी त्या ठिपक्याला किल्ल्याइतकेच गुण दिले, आणि हा माझा निर्णय आहे, मोजमाप नव्हे, असे प्रबंधात स्पष्ट लिहिले.

खरा पेच भारांकांचा होता. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे हे ठरवण्यासाठी थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली एएचपी (विश्लेषणात्मक श्रेणीक्रम प्रक्रिया) ही पद्धत वापरली. तिच्यात निकषांच्या जोड्या लावून एकापेक्षा दुसरा किती महत्त्वाचा, हे एक ते नऊ या मापात विचारतात, आणि उत्तरांत आपसांत विसंगती किती आहे हेही मोजतात. सुसंगतीचे गुणोत्तर ०.१० च्या आत असले तर उत्तर ग्राह्य धरतात. प्रश्नावली घेऊन मी निवास-न्याहारीवाले, होडीवाले, शिक्षक, पक्षिनिरीक्षक अशांकडे गेले. देवबागच्या एका वयस्कर होडीवाल्यांना किनारा की किल्ला असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "लोक येतत किल्ल्यासाठी आणि रवतत किनाऱ्यासाठी, मगे तुमी वजन कोणाक देतलास?" हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत बसत नव्हता, पण तो अगदी नेमका होता. येण्याचे कारण आणि मुक्कामाचे कारण वेगळे असते, तर निकषही मुक्काम आणि भेट अशा दोन दृष्टींनी विचारले पाहिजेत. तिथून पुढे प्रत्येकाला मी एवढे स्पष्ट करून सांगू लागले की प्रश्न किमान एक रात्र राहणाऱ्या पाहुण्याविषयी आहे.

उत्तरांचे दोन ठळक गट पडले. निवास-व्यवसायातील एका प्रातिनिधिक उत्तरात किनारा वारशापेक्षा तिप्पट, निसर्गापेक्षा पाचपट आणि वारसा निसर्गाच्या दुप्पट महत्त्वाचा होता. त्यातून किनारा ६५, वारसा २३ आणि निसर्ग १२ टक्के असे भारांक निघतात आणि सुसंगती उत्तम येते. पक्षिनिरीक्षकांच्या गटातील तशाच एका उत्तरातून निसर्ग ६२, वारसा २४ आणि किनारा १४ टक्के निघाले. आता उदाहरणादाखल आंबोलीजवळची एक जागा घेऊ, जिला किनाऱ्यासाठी शून्य, वारशासाठी ०.२ आणि निसर्गासाठी ०.९ गुण आहेत. पहिल्या भारांकांनी तिचा निर्देशांक ०.१५ येतो, दुसऱ्यांनी ०.६१. जागा तीच, धबधबे तेच, जंगल तेच. बहुतेक अभ्यासक येथे सर्व उत्तरांची सरासरी घेतात. मी ती घेतली नाही. सरासरीतला पर्यटक प्रत्यक्षात कुठेच नसतो. अर्धा किनाऱ्यावर लोळणारा आणि अर्धा पहाटे जंगलात शिरणारा असा माणूस धरून केलेला नकाशा कोणत्याच गावाच्या उपयोगाचा नाही. म्हणून मी दोन्ही गटांचे वेगवेगळे नकाशे तयार केले, आणि आकर्षण म्हटले की कोणासाठी हे शीर्षकातच लिहिण्याचा आग्रह धरला.

याच न्यायाने ऋतूही वेगळे करावे लागले. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गर्दी लोटते ती त्याच दिवसांत. तेव्हा मालवणच्या समुद्रातील जलक्रीडा बंद असतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबलेल्या असतात. विजयदुर्ग मात्र जमिनीला जोडलेला असल्याने पावसातही गाठता येतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत एकाच वेळी गेलेले हे दोन्ही जलदुर्ग पावसाळी नकाशात त्यामुळे वेगळे गुण घेऊन येतात. वर्षभराचा एकच नकाशा केला असता तर हा भेद दिसलाच नसता.

सगळ्या थरांची प्रत्यक्ष बेरीज रास्टर कॅल्क्युलेटर या चौकटीगणिक आकडेमोड करणाऱ्या साधनाने होते. तीस मीटरच्या चौकटींत हा जिल्हा सुमारे ५८ लाख तुकड्यांचा आहे आणि साधारण संगणकही ते काम थोड्या वेळात उरकतो. एकच काळजी घ्यावी लागते : एखाद्या थरात जिथे माहिती नाही तिथे शून्य भरावे की जागा रिकामी ठेवावी, हे आधी ठरवावे, कारण एका थरातील रिकामी चौकट बेरजेत सगळ्या थरांना रिकामे करते.

तालुकावार सरासरी काढली तेव्हा सावंतवाडी मधोमध येऊन बसली. आंबोलीचा उंच प्रदेश आणि खालची सपाट गावे यांची गोळाबेरीज झाली की दोघांचेही खरे रूप नाहीसे होते. मार्गदर्शक मॅडमनी सुचवल्याप्रमाणे मी जिल्ह्यावर सुमारे एक चौरस किलोमीटरच्या षटकोनांची जाळी टाकली आणि प्रत्येक षटकोनाची सरासरी काढली. तालुक्यांचा क्रम फक्त परिशिष्टात ठेवला. रंगांच्या श्रेणी पाडण्याची पद्धत नुसती बदलली तरी देवगडचा मोठा भाग मध्यमवरून उच्च श्रेणीत सरकतो, म्हणून दोन पद्धतींची चित्रे शेजारी-शेजारी छापली.

बाजूला ठेवलेली निवासस्थाने शेवटी नकाशावर टाकली. किनाऱ्याच्या नकाशाशी ती चांगली जुळली. निसर्गाच्या नकाशाशी मात्र जुळली नाहीत. दोडामार्गात, तिलारीच्या परिसरात आणि वैभववाडीच्या घाटपायथ्याला गुण मोठे आणि राहण्याची सोय तुरळक असे चित्र आले. अशा जागांना नियोजनाच्या भाषेत वाव असलेली क्षेत्रे म्हणतात. येथे मी थांबले. दोडामार्गातील बांबर्डे येथे रानजायफळाची पाणथळ देवराई आहे, जेमतेम अडीच हेक्टरांची, म्हणजे माझ्या एका षटकोनाचा चाळिसावा भाग. आंबोलीतील हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीचा अधिवास त्याहूनही लहान आहे. दोन्ही जैवविविधता वारसा स्थळे म्हणून जाहीर झालेली आहेत. गडद हिरव्या षटकोनाचा अर्थ इथे माणसे आणा असा घेतला गेला तर माझ्याच नकाशाने त्या जागांचे नुकसान होईल. म्हणून वहनक्षमतेचा, म्हणजे कोणत्या जागेला किती माणसे सोसतील याचा, एक तिसरा थर केला आणि अशा नाजूक जागांचे षटकोन गुण न छापता राखाडी ठेवले, शेजारी कारण लिहिले. मॅडमना सुरुवातीला हा हस्तक्षेप वाटला. पुष्कळ चर्चेनंतर त्यांनी तो मान्य केला.

संपूर्ण गणित क्यूजीआयएसच्या आराखडा-रचनाकारात, म्हणजे गणिताचे टप्पे ओळीने जपणाऱ्या साधनात, साठवून ठेवल्याचा फायदा तोंडी परीक्षेत झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वारशाचे वजन दुप्पट करून दाखवायला सांगितले. मी भारांक बदलून आराखडा त्यांच्यासमोरच पुन्हा चालवला. मालवणचा किनारी पट्टा जागचा हलला नाही. विजयदुर्ग आणि कुणकेश्वर यांच्या बळावर देवगड वेंगुर्ल्याच्या पुढे गेले. राखाडी षटकोन त्यांनी बोट ठेवून मोजले आणि त्या थराचे निकष अधिक सविस्तर लिहून द्यावेत, एवढी एकच दुरुस्ती सुचवली. ते पान मी जोडले, आणि आता पावसाळी नकाशासाठी होड्यांच्या बंदीच्या तारखा वर्षवार मिळवण्याचे काम हाती घेतले आहे.