जुनी मिनिएचर पुन्हा ओतायची, तर मास्टर कितव्या पिढीचा?

जुनी फँटसी मिनिएचर, म्हणजे खेळासाठी किंवा संग्रहासाठी धातूत ओतलेली छोटी आकृती, पुन्हा बाजारात आणायची म्हटलं की धातू कुठला, मशीन कुठलं, अशी चौकशी सुरू होते. त्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी. हातातला नग मूळ शिल्पापासून कितव्या पिढीचा आहे? रीइश्यू चांगलं होणार की नुसतंच होणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

१९८०च्या दशकात इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये सिटाडेल किंवा अमेरिकेत सिनसिनाटीला राल पार्था या मिनिएचर कंपन्या ज्या पद्धतीने काम करायच्या, ती साधारण अशी. शिल्पकार तारेच्या सांगाड्यावर इपॉक्सी पुट्टी चढवून आकृती घडवतो. निळी आणि पिवळी पट्टी मळून ही पुट्टी हिरवी होते, म्हणून त्या मूळ आकृतीला ‘ग्रीन’ म्हणतात. ग्रीन रबरात दाबून पहिला साचा करतात, तो मास्टर मोल्ड. प्रेसमधल्या उष्णतेने आणि दाबाने ग्रीन बऱ्याचदा तुटतो. मास्टर मोल्डमधून थोडे नग ओतून, घासून-पुसून साफ करतात. हे मास्टर. त्यांच्यावरून उत्पादनाचे साचे होतात आणि त्यातून निघालेला माल दुकानात जातो. म्हणजे दुकानातून घेतलेली मिनिएचर मुळातच ग्रीनच्या दोन पिढ्या पुढची असते. तिच्यावरून तुम्ही नवे मास्टर ओतले आणि त्यांच्यावरून विक्रीचे नग काढले, तर आणखी दोन पिढ्या वाढल्या.

प्रत्येक पिढीत रबर आणि धातू मिळून साधारण १ ते २ टक्के आकसतात. ३० मिलिमीटर उंचीची आकृती दीड टक्क्याच्या हिशेबाने दोन पिढ्यांत जवळजवळ ०.९ मिलिमीटरने बुटकी होते. जुना आणि नवा नग शेजारी ठेवला की हे डोळ्यांनाही दिसतं, आणि संग्राहक तर व्हर्नियर कॅलिपर घेऊनच बसलेला असतो. उंचीपेक्षा जास्त खटकतो तो बोथटपणा. चिलखताच्या कड्या एकमेकींत मिसळतात, बोटांमधल्या खाचा भरून येतात, वरच्या ओठाची कड जाते.

म्हणून आधी शोध घ्यायचा तो कंपनीच्या कपाटात राहिलेल्या मास्टर नगांचा, नाहीतर मास्टर मोल्डचा. राल पार्थाच्या बऱ्याच आकृत्या आज सिनसिनाटीच्याच आयर्न विंड मेटल्सकडून मिळतात. ग्रेनेडियर ही अशीच कंपनी १९९६ साली बंद झाली, तिच्या कितीतरी आकृत्या इटलीतल्या मिरलिटॉनने चालू ठेवल्या. साचे आणि मास्टर जपून हस्तांतरित झाले म्हणूनच हे होऊ शकलं.

जुना साचा सापडला तरी लगेच मशीनवर चढवू नका. रबर वयाने कडक होतं. अर्धा साचा उजेडात धरून हलकेच वाकवा आणि हनुवटीखाली, काखेत, ढालीच्या मागे, म्हणजे जिथे रबर आत वळतं तिथे, तडे आहेत का ते पाहा. तिथला रबराचा तुकडा निघाला असेल तर त्या जागी नगावर धातूचा गोळा येतो. दाढीखाली उगाच एखादी गाठ दिसली तर ती शिल्पकाराची नव्हे, फाटलेल्या साच्याची. अशा साच्यातून मोजकेच नग काढावेत, तेही नव्या मास्टरपुरते.

हक्कांचं काम लेखी हवं. साचा ज्याच्याकडे आहे तो शिल्पाचा कॉपीराइट-मालक असेलच असं नाही. कुठे हक्क कंपनीकडे असतात, कुठे शिल्पकाराकडे परत गेलेले असतात. ‘खेळण्यातल्या शिपायाला कसला कॉपीराइट’ असं म्हणणाऱ्यांनी १९०२ सालचा ब्रिटन विरुद्ध हँक्स हा इंग्लंडमधला खटला पाहावा. धातूचे छोटे सैनिक शिल्पच आहेत, असं तिथल्या न्यायालयाने तेव्हाच मान्य केलं होतं.

मास्टर नाहीच मिळाला तर दुकानी नगांतला उत्तम नग निवडायचा. एकाच आकृतीचे चार-पाच नग जमवून भिंगाखाली पाहिले तर फरक लगेच कळतो, कारण साचा नवा असताना निघालेला नग धारदार असतो. रंग काढायला ब्रिटिश छंदिष्ट डेटॉल वापरतात आणि ते खरंच चालतं. मात्र घासल्यावर पहिलं खळबळणं डेटॉलमध्येच करा. आधी पाणी लावलंत तर सुटलेल्या रंगाचा चिकट थर खाचांत बसतो. अॅसिटोनही चालतं. कॉस्टिक सोडा नको, तो कथील आणि शिसं दोन्ही खातो.

जुन्या नगावर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचं कार्बोनेट आहे. लाकडातून, विशेषतः ओकच्या कपाटातून, निघणाऱ्या अॅसेटिक आम्लाच्या वाफेने ते तयार होतं. ही भुकटी विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घालून, नग ओला ठेवूनच काचतंतूच्या ब्रशने काढायची, कोरडी कधीच घासायची नाही. खाली राहिलेले खड्डे पुट्टीने भरायचे. तुटलेलं भाल्याचं टोक पितळी तारेने परत करता येतं, पण नवं टोक जुन्या फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय चिकटवू नये. आपल्या मनाने डिझाइन सुधारणं हा मूळ शिल्पावर अन्याय आहे.

दुरुस्त केलेला हा नग थेट प्रेसमध्ये घालू नका. रबर १५० ते १६० अंश सेल्सिअसला, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास, दाबाखाली पक्कं होतं. कथील-शिशाच्या मिश्रणाचं वितळणं १८३ अंशांपासून सुरू होतं, म्हणजे प्रेसमध्ये तो धातू मऊ पडून वाकू शकतो, आणि पुट्टीची डागडुजीही दगा देते. आधी खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या, पण धातूची उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा साचा करा. टिन-क्युअर, म्हणजे कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारा, प्रकार घ्या. प्लॅटिनमने घट्ट होणारं प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉन, साचा करताना नग बसवायला घेतलेल्या गंधकयुक्त मातीला टेकलं की तिथे चिकटच राहतं. या साच्यातून कथील जास्त असलेल्या कडक मिश्रधातूचे डझनभर नग ओता, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटलेली जोडरेषा घासा आणि हेच नवे मास्टर म्हणून वापरा.

उत्पादनाचा साचा म्हणजे साधारण नऊ इंच व्यासाच्या रबराच्या दोन तबकड्या. त्या एकावर एक ठेवून यंत्रावर गरागरा फिरवतात, आणि मध्यातल्या भोकात ओतलेला धातूचा रस फिरण्याच्या जोराने बाहेरच्या आकृत्यांत शिरतो. मुंबईच्या इमिटेशन दागिन्यांच्या धंद्यात व्हाइट मेटल ओततात तेही याच तऱ्हेने, त्यामुळे इथल्या कारागिराला हे यंत्र नवं नाही. आकृत्या मध्यातल्या भोकाभोवती गोल मांडायच्या, पाय आत आणि डोकं बाहेर. जोडरेषा कुठून जाईल ते रबर लावतानाच ठरतं. ती चेहऱ्यावरून न जाता कानामागून, बाहीच्या कडेने, झग्याच्या घडीतून न्यावी. यात वेळ गेला तरी चालेल, कारण इथली चूक प्रत्येक नगावर उमटते.

साचा पक्का झाला की धारदार सुरीने वाटा कापायच्या. मध्यातून आकृतीच्या पायाकडे जाणारी वाट म्हणजे गेट. आकृतीला टेकते तिथे ती पातळ ठेवा, नाहीतर मोडताना पायाचा लचका निघतो. दुसरी वाट हवेची. भाला उंचावलेल्या ऑर्कचं, म्हणजे फँटसीतल्या राक्षसाचं, उदाहरण घ्या. धातूचा रस दंडातून भाल्यात शिरतो आणि पुढची हवा टोकाशी कोंडते. टोक अर्धवट येतं आणि गोलसर चकचकीत दिसतं. टोकापासून बाहेरच्या कडेकडे केसाएवढी बारीक चीर दिली की ते भरतं. चीर रुंद झाली तर टोकाला धातूची शेपटी लागते आणि ती कापताना टोकच जातं. म्हणून बारीक कापा, ओतून पाहा, लागेल तेवढीच वाढवा.

धातूच्या बाबतीत जुनं आणि नवं हुबेहूब होणार नाही. जुन्या मिश्रणात शिसं भरपूर असायचं. राल पार्थाने १९९३च्या सुमारास रालिडियम नावाचा शिसेमुक्त धातू आणला, १९९७ मध्ये सिटाडेलची मालक कंपनी गेम्स वर्कशॉपही शिसेमुक्त व्हाइट मेटलकडे वळली. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंतल्या शिशाची मर्यादा २०११ पासून १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, आहे. आज साधारण ९२ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं असं प्यूटर घ्यावं. ६० टक्के शिसं असलेला २० ग्रॅमचा नग या धातूत १६ ग्रॅमच्या आत भरतो. जुनी तलवार वाकायची, नवी मोडते. ओतायला ३०० अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे शिशाच्या काळातलं रबर या धातूखाली लवकर करपतं.

पहिले काही फेरे साचा थंड असल्याने खराबच येतात. ते नग परत भांड्यात टाकायचे, पण ओले किंवा दमट कधीच नाही. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब गेला तर वाफेने रस उसळून अंगावर येतो. साच्यावर शंखजिऱ्याची पूड हलकी मारून झटका, ती साचून राहिली की तपशील भरतो. कडेने कागदासारखा पापुद्रा येत असेल तर वेग जास्त आहे किंवा साच्यावरचा दाब कमी. हात-पाय अपुरे येत असतील तर साचा किंवा धातू थंड आहे. अंगावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर धातू फार तापलाय किंवा वरची साय काढलेली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय चुकलं ते कळणारच नाही.

रीइश्यूची खूण नगावरच हवी. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सिटाडेलच्या बऱ्याच आकृत्यांना पायाखाली पट्टी असते, ती प्लास्टिक बेसच्या फटीत बसते. तिच्यावर नाव आणि साल कोरलेलं असतं. जुनं साल तसंच ठेवलं तर दहा वर्षांनी तोच नग कोणीतरी मूळ म्हणून विकेल. नव्या मास्टरवर पट्टीच्या दुसऱ्या बाजूला नवं साल आणि एक अक्षर कोरा. पायासकट ओतलेली आकृती असेल तर तळाला कोरा. नुसत्या डबीवर छापून भागत नाही, डबी पहिल्या विक्रीतच हरवते. डबीवर मिश्रधातू, हक्कधारकाचं नाव आणि ‘१४ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ एवढं लिहा. मास्टरपैकी तीन नग एकदाही प्रेसमध्ये न घालता कोरड्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि त्यांची उंची, वजन, मिश्रण आणि पिढी चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवा. उत्पादनाचा साचा थकला की पुढचा याच नगांवरून करायचा, विकलेल्या नगावरून नाही.