डावी वरची दाढ

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज ब्रश वरच्या डाव्या दाढेपर्यंत पोहोचला. मी एक ते दहा मोजेपर्यंत लेकानं तोंड उघडं ठेवलं. गेल्या श्रावणात हाच मुलगा ब्रश नुसता दिसला तरी मोरीतून पळत सुटायचा.

तेव्हाचं आठवलं की अजून पोटात कालवतं. तो डाव्या गालावर बुक्क्या मारून घ्यायचा, भाकरी बाजूला सारून नुसता मऊ भात खायचा, रात्री दचकून रडत उठायचा. आम्ही सगळे म्हणत होतो, स्वमग्नता (ऑटिझम) आहे, त्यातलंच हे. किडली होती दुधाची दाढ. ‘दुखतंय’ हा शब्द सात वर्षांच्या माझ्या मुलाकडे नाही. तो हातानं सांगत होता आणि मी त्याचा हात धरून ठेवत होते.

पहिल्या दवाखान्यात त्याला दाबून धरून तपासलं. त्यानंतर तो चमचासुद्धा ओठांजवळ येऊ देईना. दुसरीकडच्या डॉक्टरताईंनी पहिल्या दोन खेपांना त्याला फक्त खुर्चीत बसवलं, छोटा आरसा हातात दिला, तोंडात काहीच घातलं नाही. दाढ भरली ती त्यानंतर. पेस्ट कोणती, हेही त्यांनीच विचारलं. पुदिन्याची पेस्ट त्याला मिरचीसारखी झोंबत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आता बिनचवीची, कमी फेसाची वापरते. फ्लोराईड १००० पीपीएमच्या वर, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजाराहून जास्त, पण घ्यायची वाटाण्याएवढीच, कारण त्याला अजून थुंकता येत नाही. उरलेला फेस ओल्या फडक्यानं टिपून घेते.

आठवडाभर ब्रश फक्त त्याच्या ताटाशेजारी ठेवला. मग गालाला लावला, मग ओठांना, मग पुढच्या दातांना. बेसिनवर ब्रश करतानाच्या एकेक कामाच्या चित्रांची पट्टी लावली होती, तिच्याकडे तो बघेचना. चित्रातला ब्रश निळा, त्याचा हिरवा! मग आमचाच नळ, त्याचाच ब्रश, त्याचाच पेला, असे सात फोटो काढून लावले. एकेक काम झालं की तो फोटो पट्टीवरून सोडवून तिच्या खालच्या खिशात टाकतो. शेवटचं काम, ब्रश धुऊन पेल्यात ठेवणं, त्याला सगळ्यात आधी शिकवलं. काम पुरं करण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच.

मी त्याच्या मागे उभी राहते, समोर आरसा, त्याचं डोकं माझ्या पोटाशी. मोजायचं एकाच सुरात आणि दहाला ब्रश बाहेर. अकरा कधीच म्हणायचं नाही. एकदा दाढेत काहीतरी अडकलेलं दिसलं म्हणून मी पंधरापर्यंत गेले. पुढचे चार दिवस त्याने दात उघडले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. शब्द मी मोडला होता.

बक्षीस म्हणून बिस्किट द्यायची सवय सोडली. तेच दातांना चिकटून बसायचं. आता ब्रश झाला की गाडीची चाकं फिरवायला पाच मिनिटं. सासूबाईंनाही हे पटलंय. आज त्या दारात उभ्या राहून, आवाज न करता, बोटांवर मोजत होत्या.

उद्यापासून उजवी बाजू. दिवाळीत आईकडे जाताना फोटोंची पट्टी, हिरवा ब्रश आणि पेला माझ्याच पिशवीत ठेवायचा. तिथल्या बेसिनचा फोटो पाठव म्हणून भावाला आत्ताच कळवते.