हक्कसोड टाइप करताना

बाँड रायटरकडे, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याकडे, टायपिंग करून मला १४ वर्षं झाली. इथे कर्नाटकात कागद सगळा कन्नडमध्ये आणि येणारी माणसं निम्म्याहून जास्त मराठी, त्यामुळे माझं अर्धं काम नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप करायचं आणि अर्धं तेच मराठीत वाचून सांगायचं. वाचून सांगायचे पैसे कुणी देत नाही, खरं मी ते सोडत नाही. बाकीचे रायटर जुन्याच दस्तात नावं बदलून छापतात आणि "इथं सही करा" म्हणून बोट ठेवतात, मला ते पटत नाही.

त्या दिवशी दोन भाऊ आले, सोबत बहीण, चंदगडकडे दिलेली. हक्कसोडपत्र करायचं होतं. २ एकर १० गुंठे, आईवडील वारलेले, वारस तिघं, म्हणजे बहिणीचे ३० गुंठे. असे दस्त आमच्याकडे नेहमीचेच.

यात खरी कटकट नावाची असते. उताऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यात आमच्यात लग्नात पहिलं नावपण बदलतात, मग कागदावर एका बाईच्या दोन बायका होतात. 'उर्फ' घालून दोन्ही नावं जोडायची, पुढे 'कोम' (म्हणजे अमक्याची बायको) लिहून नवऱ्याचं नाव, आणि उताऱ्यावर जशी वेलांटी आहे तशीच इथे, चुकली की कागद परत. आधारवर सुनीता होतं. उताऱ्यावरचं नाव टाइप करायला घेतलं आणि हात थांबला. शेवंता. (दोन्ही नावं इथे बदललीत.) वडिलांचं नाव तेच, गाव तेच. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. कन्नडचा म आणि व मला कधी वेगळे दिसायचेच नाहीत, ते तिनं मला शिकवलं, पाटीवर माझा हात धरून. २९ वर्षांनी तेच कन्नड मी तिचे ३० गुंठे सोडायला टाइप करत होते.

तिच्याकडे बघितलं तर ती खाली बघत होती. काही बोलले नाही, भाऊ उभे होते. प्रिंट काढली आणि वाचायला घेतलं, नेहमीपेक्षा सावकाश. "कुणाच्या दबावाशिवाय, राजीखुशीनं, मोबदला न घेता" ही ओळ दोनदा वाचली. थोरला म्हणाला, "वाचताय काय एवढं, सगळं ठरलंय की." राग आला मला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतका हिस्सा दिला, कर्नाटकात तर लग्न न झालेल्या मुलींना १९९४ पासूनच होता, आणि हे सगळं आमच्या खोलीत पंधरा मिनिटांत "ठरलंय की" वर संपतं.

तिनं कागद ओढून घेतला, ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावत स्वतः वाचलं, 'राजीखुशी'वर थोडी थांबली. मग मला म्हणाली, "म आणि व आता बरोबर लिहितीस की गं." आणि सही केली.

फोटो, अंगठा सगळं झाल्यावर भाऊ नकला काढायला थांबले तेवढ्यात आम्ही दोघी चहाला गेलो. आवाजावरून तिनं मला आधीच ओळखलं होतं म्हणे. मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस, आत ये म्हणून मी तुला बाजूला घेतलं असतं, सांगितलं असतं. तर म्हणाली, "काय सांगणार होतीस? मला काय म्हायीत नाही काय? ३० गुंठे घेतो म्हटलं तर पंचमीला कुठल्या दारात जाऊ मी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तिला बाजूला घ्यायला हवं होतं, हे अजून डोक्यातून जात नाही. ओळख नसलेल्या बायकांना मी घेतेच की कधीकधी.

पंचमीला धाकटा भाऊ तिला न्यायला गेला होता. दोन दिवस राहिली, जाताना बसस्टँडवरून चालत माझ्याकडे आली, पिशवीत लाह्या आणि माहेरच्या शेतातल्या ओल्या शेंगा. अर्ध्या शेंगा तिनं माझ्या टेबलावर ओतल्या, आणि बस येईपर्यंत आम्ही त्या सोलत बसलो.